अर्ध्या दिवसात रत्नागिरी: थिबा राजवाड्यापासून भगवतीच्या किल्ल्यापर्यंत, वरून खाली

रत्नागिरीत लोक येतात खूप पण बघत कोणी नाही. म्हणजे गणपतीपुळ्याला जाताना चहाला थांबतात, आंब्याच्या सीझनला पेटी घ्यायला येतात, नाहीतर स्टेशनवर उतरून थेट गाडी पकडून पावस गावाला. शहर आपलं मधल्यामधे राहतं. माझं माहेर इथलं, त्यामुळे वर्षातून चार-पाच तरी मेसेज ठरलेले असतात, "अगं दुपारी पोचतोय, रात्रीची गाडी आहे, तेवढ्यात काय बघून होईल?" दर वेळी तेच टाइप करून कंटाळले, म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते, हीच लिंक सगळ्यांना पाठवणार.

एक गोष्ट आधीच सांगते, अर्ध्या दिवसात गणपतीपुळे जोडू नका. जाऊन येऊन दर्शन करेपर्यंत अर्धा दिवस तिकडेच संपतो आणि मग शहरात फक्त किल्ल्यावर पाच मिनिटं जाऊन सेल्फी काढून पळायचं, असं होतं. पावसचंही तेच. ती वेगळ्या दिवसाची कामं आहेत.

क्रम का महत्त्वाचा

रत्नागिरी नकाशावर सपाट दिसते पण प्रत्यक्षात ती उतरती आहे. वर जांभ्याचा सडा, म्हणजे लाल दगडाचं पठार, सड्याच्या कडेला थिबा राजवाडा (ब्रह्मदेशाचा थिबा राजा कैदेत राहिला तो) आणि थिबा पॉइंट, तिथून खाली उतरलं की जुनं गाव, म्हणजे राम आळी, टिळक आळी, गोखले नाका वगैरे, आणखी खाली मांडवीचा समुद्र, आणि सगळ्यात शेवटी समुद्रात घुसलेलं किल्ल्याचं टोक. तर फिरायचं ते वरून खाली. सोपं आहे, पण बहुतेक जण उलटं करतात, कारण नेटवर पहिला फोटो किल्ल्याचा येतो. मग भर दुपारी बारा वाजता उघड्या तटावर उभे राहतात, जांभा तापलेला, डोक्यावर सावली नाही, आणि तिथून दमून राजवाड्याकडे जावं तर तिथलं म्युझियम बंद व्हायची वेळ झालेली. मी स्वतः नवऱ्याच्या मावसभावाच्या कुटुंबाला असंच फिरवलंय, माझं लग्न नवीन होतं आणि 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणण्याचे दिवस होते. त्यात तो निघाला सोमवार. राजवाड्याचं गेट बंद. मुलं गेटच्या गजातून डोकी घालून बघत होती.

म्हणून पहिला नियम, सोमवार टाळा. राजवाड्यातलं म्युझियम पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि सोमवारी बंद असतं. सरकारी सुट्टी असेल तर आदल्या दिवशी कुणालातरी विचारून घ्या.

दुसरं म्हणजे अर्धा दिवस कुठला, सकाळचा की दुपारचा? मी डोळे झाकून दुपारचा सांगते. दीड-दोनला सुरुवात करायची, उन्हाच्या वेळी राजवाड्यात सावलीत राहायचं, चारनंतर गावात हिंडायचं, आणि सूर्य खाली आला की किल्ल्यावर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सात वाजून जातात, तेव्हा त्या हिशोबाने तासभर इकडेतिकडे करा. सकाळच हातात असेल तर मात्र क्रम उलटा करा, सात-साडेसातला आधी किल्ला, मग खालून वर येत राजवाडा उघडेपर्यंत तिथे पोचा. तेही चालतं, फक्त सूर्यास्त जातो.

पोचायचं कसं आणि गाडी कुठली

कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्टेशन गावात नाही हे लक्षात ठेवा, सहा-सात किलोमीटर बाहेर आहे. मुंबईहून पहाटेची जनशताब्दी पकडली तर दुपारच्या आधीच पोचता, जेवून आरामात फिरायला सुरुवात होते. मांडवी एक्सप्रेसने आलात तर जेवणाची वेळ टळलेली असते, गाडीतच काहीतरी खाऊन घ्या (मांडवीतलं खाणं बरं असतं असा तिचा लौकिक आहेच). पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, म्हणून परतीची गाडी आणि फिरणं यात जून ते ऑक्टोबर जरा जास्तच फट ठेवा. रोडने येणाऱ्यांनी हायवे ६६ वर हातखंब्याला वळायचं, कोल्हापूरकडून येणारे आंबा घाट उतरून येतात, घाटात धुकं असलं तर वेळेचा काही भरवसा नाही.

स्वतःची गाडी असेल तर प्रश्न नाही, पण जुन्या आळ्यांमधे मोठी गाडी घालू नका, समोरून टेम्पो आला की दोघंही अडकता आणि मग आजूबाजूच्या घरातले लोक बाहेर येऊन तुम्हाला रिव्हर्स कसा घ्यायचा ते शिकवतात. गाडी जयस्तंभ किंवा एसटी स्टँडच्या बाजूला कुठे जागा मिळेल तिथे लावा आणि आळीत चालत जा.

गाडी नसेल तर रिक्षा. सुट्या सुट्या रिक्षा करण्यापेक्षा एकच रिक्षा पूर्ण दुपारसाठी ठरवा. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोला, नुसतं "किती घेणार" एवढं नको. एक, कुठल्या कुठल्या जागा ते नावं घेऊन सांगा (थिबा राजवाडा, थिबा पॉइंट, टिळक आळी, पतितपावन मंदिर, किल्ला). दोन, वेटिंग धरून सांगा. तीन, शेवटी स्टेशनला सोडणार की गावातच, कारण स्टेशन लांब आहे आणि सगळा वाद शेवटी तिथेच होतो. आमचे रिक्षावाले तसे सरळ असतात, बोलके तर फारच, थिबाची स्टोरी प्रत्येकाची वेगळी असते आणि प्रत्येकाच्या आजोबांनी राजाला बघितलेलं असतं.

बरोबर पाण्याची बाटली, टोपी आणि सुटे पैसे, तिकीट किरकोळ असतं आणि पाचशेच्या नोटेला सुटे नसतात. चपला ग्रिप असलेल्या घाला, का ते किल्ल्यापाशी सांगते.

थिबा राजवाडा (सव्वा ते दीड तास)

इथे घाई करू नका, कारण अख्ख्या दुपारचा सगळ्यात वेगळा भाग हाच आहे. समुद्र काय कोकणात कुठेही आहे, पण ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचं घर दुसरीकडे कुठे बघणार.

गोष्ट थोडक्यात अशी. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशावर स्वारी केली, लढाई म्हणावी अशी काही झालीच नाही, महिन्याच्या आत मंडाले पडलं आणि थिबा राजाला राणी सुपायालातसकट बोटीत बसवलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आधी मद्रासला नेलं, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का, तर तेव्हा इथे रेल्वे नव्हती, घाट ओलांडून यायचं म्हणजे दिव्य, पावसाळ्यात बोटीही बंद, म्हणजे माणूस एकदा इथे ठेवला की त्याला भेटायला कोणी सहज येऊ शकत नाही आणि त्यालाही कुठे जाता येत नाही. आम्ही ज्याला निवांतपणा म्हणतो तो इंग्रजांना कैदेसाठी सोयीचा वाटला. मजा (म्हणजे मजा नाही खरं तर) अशी की त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आधी आपला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी उचलून रंगूनला नेलं होतं. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे.

आता राजवाड्यासमोर उभं राहिल्यावर एक आकडा डोक्यात ठेवा. राजा इथे आला १८८६ ला आणि हा वाडा तयार झाला १९१० ला. म्हणजे मधली चोवीस वर्षं तो इथल्याच बंगल्यांत राहत होता, आणि वाड्यात राहायला मिळाली फक्त सहा वर्षं, कारण १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. बहुतेक लोक वाडा बघून "बघा, कैदेतसुद्धा किती थाट" म्हणतात, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं.

बघायचं काय तर आधी बाहेरूनच एक चक्कर मारा. तीन मजली, लालसर इमारत, उतरती छपरं आणि लाकडी कामाच्या अर्धगोल खिडक्या. जांभ्याचा चिरा आमचा आणि घडण परकी, अशी ती इमारत दिसते. आत पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा मोठा हॉल आहे, नाचगाण्याचा. तिथे उभं राहून खिडक्यांकडे तोंड करा, वारा कसा येतो ते बघा, मे महिन्यातसुद्धा तिथे पंखा लागत नाही. वाड्याच्या मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती बरेच लोक चुकवतात कारण समोरून बघून परत फिरतात. म्युझियममधल्या मूर्ती आणि इतर वस्तू तुमच्या आवडीप्रमाणे बघा, मी तिथे फार रेंगाळत नाही. फोटोबद्दल आत विचारून घ्या.

लहान मुलं असतील तर त्यांना राजकन्यांची गोष्ट सांगा, मुलं लगेच ऐकायला लागतात. थिबाला चार मुली, चारही इथेच वाढल्या. राजा गेल्यावर राणी १९१९ मध्ये रंगूनला परत गेली, पण थोरल्या राजकन्येचा जीव रत्नागिरीतल्याच माणसात गुंतलेला होता, ती इथे परत आली आणि इथेच गेली, तिची मुलगी टूटू अस्सल रत्नागिरीकर म्हणून जगली, मराठी बोलायची. गावातली म्हातारी माणसं अजून तिच्याबद्दल सांगतात.

राजाची समाधी राजवाड्यात नाही, गावातच शिवाजीनगर भागात आहे. त्याचं शव दोन-अडीच वर्षं तसंच ठेवलं होतं, ब्रह्मदेशात नेऊ द्या म्हणून मागणी चालली होती, शेवटी १९१९ मध्ये धाकट्या राणीबरोबर इथेच ठेवलं. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले. बघायला तसं काही नाही, कुंपणातल्या दोन समाध्या. पण रिक्षावाल्याला माहीत असेल आणि तुमच्याकडे दहा मिनिटं असतील तर जाऊन या. मला स्वतःला ती जागा वाड्यापेक्षा जास्त लक्षात राहिलीय.

थिबा पॉइंट (पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही)

राजवाड्यापासून गाडीने पाच मिनिटं. इथून खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, भाट्याचा पूल, राजिवड्याची घरं आणि माडांची रांग असं सगळं एका नजरेत दिसतं. राजा इथे येऊन समुद्राकडे बघत बसायचा असं गावात सांगतात, खरंखोटं त्यालाच माहीत. दुपारी उन्हामुळे समोर चकाकतं आणि फोटो पांढरे येतात, पण इथे सूर्यास्तासाठी थांबायचा मोह टाळा, तुमचा सूर्यास्त किल्ल्यावर आहे. हां, बरोबर खूप वयस्कर मंडळी असतील ज्यांना किल्ला जमणारच नाही, तर मात्र क्रम बदला, गावातलं आधी करून सूर्यास्ताला इथे या. बसायला जागा आहे, चढ नाही.

पुलापलीकडे भाट्याचा बीच दिसेल, सुरूची झाडं, लांब सरळ किनारा, आणि कोणीतरी गाडीत म्हणेलच "तिकडे जाऊया ना". नको म्हणा. बीच एकदा सुरू झाला की मुलं पाण्यात, मग ओले कपडे, मग वाळू, झालं, दुपार संपली.

जुन्या गावात: टिळक आळी आणि पतितपावन मंदिर (तासभर)

आता उतरा खाली. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला, आणि ते जन्मघर टिळक आळीत जपून ठेवलंय. चिऱ्याच्या भिंती, कौलारू उतरतं छप्पर, लाकडी खांब, पडवी, अंगण. टिळकांच्या आयुष्यातले फोटो आणि माहिती लावलेली आहे, ती शाळेत वाचलेलीच असते. मी पाहुण्यांना सांगते की फोटो कमी बघा आणि घर जास्त बघा. खोल्या किती अंधाऱ्या आणि थंड आहेत, पडवी किती खाली उतरवलीय, हे सगळं पावसासाठी. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घर त्याच्याशी बोलूनच बांधावं लागतं. आता आजूबाजूला सिमेंटच्या इमारती आल्यात, त्यामुळे जुनं कोकणी घर आतून बघायची ही गावातली सोपी जागा आहे. टिळक दहाएक वर्षांचे असताना वडिलांची बदली पुण्याला झाली, म्हणजे लहानपण इथलंच.

घर बघून झाल्यावर लगेच रिक्षात बसू नका, आळीत दहा मिनिटं चाला. गडगे (दगडी कुंपणं), मधेच एखादी पाखाडी (पायऱ्यांची वाट) खाली उतरत गेलेली, फणसाचं झाड, ओटीवर बसलेलं कोणीतरी तुमच्याकडे निरखून बघत असेल, ते रागाने नाही, कोणाकडचे पाहुणे ते ओळखायचा प्रयत्न चाललेला असतो. हसा आणि पुढे जा. नाहीतर थांबा आणि बोला, मग मात्र शेड्यूलचं काही खरं नाही.

तिथून पतितपावन मंदिर जवळ आहे. ज्यांना वाटतं "मंदिरच ना, बाहेरून नमस्कार करू", त्यांच्यासाठी दोन ओळी. अंदमानातून आणल्यावर सावरकरांना काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं होतं, १९२४ मध्ये सोडलं ते जिल्हा सोडून जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर, आणि ती स्थानबद्धता चालली १९३७ पर्यंत. म्हणजे थिबाच्या वेळचं इंग्रजांचं गणित परत तेच. या काळात सावरकरांनी इथे अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, सहभोजनं घातली, आणि सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं हे मंदिर १९३१ च्या फेब्रुवारीत उघडलं. त्यासाठी पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. हे नाव नीट लक्षात ठेवा. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरातला मुलगा, मुंबईला जाऊन बांधकामात मोठा झाला, आणि स्वतःला देवळाच्या आत जाता येत नव्हतं तो अनुभव घेतलेला माणूस. मुंबईत दादरच्या स्मशानभूमीची जागाही त्यांनीच दिलेली. सावरकरांचं नाव सगळे घेतात, आमच्याकडचे लोक मात्र मंदिरात गेलं की आधी भागोजीशेठबद्दल सांगतात आणि ते बरोबरच आहे. पुढे किल्ल्यापाशी ते परत भेटणार आहेत.

सावरकरांना ठेवलेल्या कोठडीचं स्मारक इथल्या विशेष कारागृहात आहे, पण तो चालू तुरुंग आहे, आत जायचं तर परवानगी लागते. अर्ध्या दिवसात त्या भानगडीत पडू नका.

या भागात असतानाच चहा-नाश्ता उरकून घ्या, कारण किल्ल्यावर पोटभरीचं काही मिळायचं नाही. सीझन असेल तर आंबा खा, पण बाजारात दिसणारी प्रत्येक पेटी रत्नागिरी हापूसची असेलच असं नाही, २०१८ पासून हापूसला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, तेव्हा पेटीवर बागायतदाराचं नाव आणि टॅगचा मार्क आहे का बघा आणि शक्य असेल तर ओळखीतून घ्या. मार्चमधे स्वस्तात मिळतोय म्हटलं की जरा थांबा. बिगरसीझनला कोकम, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी. कोकम आगळ (कोकमाचा घट्ट रस) घेतलंत तर बाटलीचं झाकण घरी नेईपर्यंत तीन वेळा तपासा. माझी एक अख्खी बॅग जांभळी झालेली आहे.

किल्ला (दीड तास, सूर्यास्त धरून)

रत्नदुर्ग हे नाव पुस्तकातलं, गावात सगळे भगवतीचा किल्ला म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. वाटेत मिरकरवाड्याचं बंदर लागतं. मासळीची आवड असेल तर पाच मिनिटं उतरा, बोटी लागलेल्या असतील तर लिलावाचा गलका बघण्यासारखा असतो, पण तिथे लोक काम करत असतात, मधे उभं राहू नका आणि बायकांचे फोटो न विचारता काढू नका. नाक मुरडणारं कोणी बरोबर असेल तर सरळ पुढे चला, वरून बंदर छान दिसतं आणि वास येत नाही. जून-जुलैमधे मासेमारी बंद असते तेव्हा सगळ्या होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात.

किल्ल्याच्या पायथ्याशी भागेश्वराचं देऊळ आहे, ते भागोजीशेठ कीरांनीच बांधलेलं. कोरीव काम सुंदर आहे आणि आत शांत असतं. चढायच्या आधी पाच मिनिटं टेका.

किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी समुद्र. बहामनी काळात बांधलेला, मग विजापूरकरांकडे होता, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे आंग्र्यांकडे, मग पेशव्यांकडे आणि १८१८ ला इंग्रजांकडे. गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या, गुडघे दुखणारी माणसंही सावकाश चढतात. वर बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. नवरात्रात इथे जत्रेसारखी गर्दी असते, त्या दिवसांत गाडी वर न्यायचा विचारच करू नका.

दर्शन झालं की तटावरून पूर्ण चक्कर मारा, हे महत्त्वाचं आहे. बहुतेक लोक देवळासमोरचा एक बुरूज बघून परत फिरतात. चक्कर मारलीत तर एका बाजूला मिरकरवाडा बंदर, होड्या एकाला एक चिकटून, मग भगवती बंदर, आणि दुसऱ्या टेकाडावर दीपगृह. आणि एक गंमत बघा, किल्ल्याच्या एका बाजूच्या किनाऱ्याला गावात पांढरा समुद्र म्हणतात आणि दुसऱ्या, मांडवीकडच्या बाजूला काळा समुद्र. पाणी तेच. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं काळं खनिज आहे म्हणून ती वाळू काळी दिसते, पलीकडची फिकी. मधे हे किल्ल्याचं टोक आडवं आलंय. वरून बघितलं की हे कळतं, खालून नुसतं नाव राहतं.

दीपगृहावर जायचं असेल तर ते ठराविक वेळेतच उघडं असतं, साधारण संध्याकाळचं, पण वेळ पाळून बंद करतात. आधी तिकडे जाऊन मग किल्ला, असं करावं लागेल. दोन्ही धड होत नाही असा माझा अनुभव, मी किल्लाच निवडते.

आता सेफ्टीचं बोलते, कंटाळवाणं आहे पण ऐका. तटाला सगळीकडे कठडा नाही, आणि पलीकडे सरळ कडा आहे, खाली खडक आणि लाटा. वारा संध्याकाळी जोरात असतो, टोपी उडाली तर उडू द्या. मुलांचा हात धरा, तटाच्या कडेवर बसून फोटो काढू नका. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ येतं आणि ते तेलासारखं निसरडं असतं, म्हणून म्हटलं ग्रिपच्या चपला. किल्ल्याखाली समुद्राच्या बाजूला भुयार आहे असं दाखवतात, ते वरूनच बघायचं, खाली उतरायचा शहाणपणा करायचा नाही.

सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं अजून थांबा, होड्यांवर एकेक दिवे लागायला लागतात. मग मात्र निघा, उतरताना उजेड हवा. मोबाइलचा टॉर्च चार्ज करून ठेवा.

पाऊस असेल तर

जुलैत आलात तर प्लॅन थोडा वेगळा. राजवाडा आणि टिळकांचं घर तसंच, उलट पागोळ्या गळत असताना ते घर जास्त कळतं. किल्ल्याऐवजी पेठकिल्ल्याकडच्या बाजूला मत्स्य संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि म्युझियम आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि मुलं तिथून हलत नाहीत. पाऊस उघडला तर किल्ल्यावर फक्त देवळापर्यंत जा, तटावर नको. मांडवीवर लाटा बघायला उभे राहा पण लांबून, उधाणाच्या वेळी पाणी धक्क्यावर येतं.

कातळशिल्पांबद्दल, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांबद्दल, हल्ली सगळे विचारतात, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती आली त्यामुळे. बघण्यासारखी आहेतच, पण ती गावाबाहेरच्या सड्यांवर पसरलेली आहेत, पोचायला वेळ लागतो आणि जाणकार माणूस बरोबर नसेल तर पायाखाली शिल्प असून दिसत नाही. त्यासाठी दुसरा दिवस काढा.

शेवट मांडवीवर

किल्ल्यावरून खाली आलात की मांडवी. कमान दिसेल, तिला लोक गेटवे ऑफ रत्नागिरी म्हणतात, मुंबईच्या गेटवेची आठवण ठेवून आत जाऊ नका म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. एकेकाळी मुंबईच्या बोटीतून उतरलेला माणूस होडीत बसून या बाजूला यायचा, आमचे आजोबा ट्रंक डोक्यावर घेऊन असेच उतरलेले. आता संध्याकाळी अख्खं गाव इथे वारा खायला असतं. भेळ खा, काळ्या वाळूत पाय घाला (रात्री पाय धुतल्यावर बादलीत बघा), कठड्यावर बसा.

जेवायचं असेल तर गावात मासे चांगले मिळतात, पण ऑर्डर द्यायच्या आधी आज ताजं काय आहे ते विचारा आणि तेच मागवा, ठरवून गेलेलं सुरमईच पाहिजे असं नको. सोलकढी मागवताना गोड करतात का विचारा, काही ठिकाणी हल्ली साखर घालतात आणि ते मला अजिबात चालत नाही. व्हेज लोकांना मोदक किंवा आंबोळी मिळाली तर मिळाली, आधी सांगून ठेवलेलं बरं.

रात्रीच्या गाडीसाठी मांडवीवरून गाडी सुटायच्या किमान पाऊण तास आधी निघा. रिक्षा आधीच ठरवलेली असेल तर ठीक, नसेल तर एसटी स्टँडपाशी मिळते, पण उशीर झाला की स्टेशनसाठी भाव वेगळा सांगतात. आणि स्टेशनवर पोचल्यावर "काय बघितलंत?" म्हणून कोणी विचारलंच तर थिबाच्या समाधीचं सांगा, दहापैकी आठ रत्नागिरीकर स्वतः तिथे गेलेले नसतात.